सतरा वेळा 'हां'

पिंजऱ्यात मांडी घालून बसलेल्या बाईचा किस्सा मी याच दिवाळी अंकात एकदा लिहिला होता. जुन्या वाचकांना कदाचित आठवत असेल. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असलेली एक आदिवासी बाई, न्यायाधीशांनी शेवटचा प्रश्न विचारल्याबरोबर, आपल्या ओट्यावर बसावं तशी खाली बसली. मी म्हणालो, "साहेब, बाई दमल्या." सगळं कोर्ट हसलं. अंक आल्यावर मला पत्रं आली. एका डॉक्टरांनी तर तो किस्सा मित्रमंडळीत वाचून दाखवल्याचं कळवलं.

तो किस्सा अर्धा होता. उरलेला अर्धा मी इतकी वर्षं टाळत आलो. बायकोला सांगितला नाही, मुलीला सांगितला नाही. दुपारी आरामखुर्चीत डोळा लागता लागता तो आपणहून जवळ यायचा, तेव्हा मी उठून पाणी पिऊन यायचो. संपादक दरवर्षी गणपतीच्या आधी फोन करतात, कोर्टातलं काहीतरी खुसखुशीत होऊन जाऊ द्या म्हणतात, आणि मी देत आलो. यंदा त्यांच्या फोनच्या दोन दिवस आधी दुसरा एक फोन येऊन गेला होता. पेठहून, कुसुम भोये यांचा. त्या एवढंच म्हणाल्या, "सर, जनीबाई गेली. तुम्हाला कळवावं वाटलं."

पिंजऱ्यात बसलेली ती बाई म्हणजे जनीबाई.

मी नाशिकच्या सत्र न्यायालयात बरीच वर्षं सरकारी वकील होतो. सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा वकील, अशी बहुतेकांची समजूत असते. पोलिसांचीही असते. खरं तर तो कोणाचाच नसतो. तपासात जे सापडलं ते सगळं, आरोपीच्या सोयीचं असलं तरी, कोर्टापुढे ठेवायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. जिंकणं-हरणं हे शब्द त्याने वापरू नयेत असं आम्हाला शिकवलेलं होतं. आम्ही ते रोज वापरायचो. संध्याकाळी बार रूममध्ये चहा पिताना कोण कुठली केस जिंकला हेच बोलणं असायचं.

दुसरी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. साक्षीदार कोर्टात जे बोलतो ते जसंच्या तसं कागदावर जात नाही. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार आपल्या बोलीत उत्तर देतो, न्यायाधीश ते ऐकून आपल्या भाषेत लेखनिकाला सांगतात आणि लेखनिक टाइप करतो. तीन गाळण्यांतून गाळून माणूस कागदावर उतरतो. कागदावरचे सगळे साक्षीदार म्हणूनच एका घरात वाढल्यासारखे बोलतात. माणूस घरी जातो, कागद उरतो, आणि पुढे सगळे कागदालाच विचारतात.

आमच्या जिल्ह्यात या गाळण्यांना फार काम. पूर्वेला मालेगाव-सटाण्याकडे अहिराणी, पश्चिमेला पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात कोकणी आणि वारली, मध्ये आमची शहरी मराठी, आणि तिलाच आम्ही भाषा समजायचो. बाकीचे चुकीचं मराठी बोलतात असं आम्हाला वाटायचं.

एकदा सटाण्याकडचा एक म्हातारा साक्षीला उभा होता. भांडणात ज्याचं डोकं फुटलं त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हाऊ मना भाऊ शे." लेखनिक रत्नागिरीहून नुकताच बदलून आलेला. त्याने लिहून घेतलं, "हा माझा मानलेला भाऊ आहे." अहिराणीत 'मना' म्हणजे 'माझा'; सख्खा भाऊ मानलेला झाला. समोरचे वकील मालेगावचे होते. पोलीस जबाबात सख्खा आणि कोर्टात मानलेला, ही विसंगती खरं तर त्यांच्या फायद्याची होती, पण त्यांनाच राहवलं नाही. उठून म्हणाले, "साहेब, एका आईचे आहेत हो ते." पाच मिनिटांत कागद दुरुस्त झाला.

त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींना मी तारीख विचारली, तर त्यांनी तिथी, वार आणि नक्षत्र सांगितलं. इंग्रजी तारीख त्यांना काही केल्या आठवेना. न्यायाधीशांनी न चिडता पंचांग मागवलं. त्या दिवशी कोर्टात पंचांग उघडलं गेलं आणि कोणालाही ते वावगं वाटलं नाही.

तिसरा एक जवान, देवळाली कॅम्पातला. त्याच्यासमोर एक चोरी झाली होती आणि तो माझा साक्षीदार होता. प्रत्येक प्रश्नाला टाचा जुळवून म्हणायचा, "जी साब." आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं, "म्हणजे तुम्ही आता खोटं सांगताय?" जवान म्हणाला, "जी साब." वकील लगेच खाली बसले, काम झालं म्हणून. मी ताडकन उठलो. म्हणालो, "साहेब, हा सैनिक आहे. याचं 'जी साब' म्हणजे हो नव्हे. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ." न्यायाधीश हसले, प्रश्न पुन्हा विचारला गेला आणि जवान म्हणाला, "नहीं साब, झूठ क्यों बोलूँगा?"

हे मी मुद्दाम सांगतोय. 'ऐकलं' आणि 'हो' यांतला फरक मला कळत नव्हता, असं कोणी माझ्या बाजूने म्हणू नये. कळत होता. जनीबाईच्या दोन वर्षं आधी मीच तो भर कोर्टात समजावून सांगितला होता.

कुसुम भोये त्या सुमारास खालच्या कोर्टात सहायक सरकारी वकील होत्या. सत्र न्यायालयाचं काम शिकायला काही महिने माझ्याबरोबर बसायच्या. पेठ तालुक्यातल्या. आमच्या सरकारी वकिलांच्या खोलीत त्या भागातलं तोवर कोणी बसलं नव्हतं. बाईही त्या एकट्याच. खोलीत खुर्च्या मोजून होत्या, त्यामुळे पहिला आठवडा त्या फायलींच्या पेटीवर बसल्या. कमी बोलायच्या. एकदा मी कौतुकाने म्हणालो, "तुमचं मराठी छान आहे हो." त्या म्हणाल्या, "तुमचंही छान आहे, सर." मी ते विनोद म्हणून घेतलं आणि बार रूममध्ये सांगितलं.

आता जनीबाईचा खटला.

दिवाळीच्या आसपास द्राक्षबागांची छाटणी चालते, तेव्हा डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं टोळीने दिंडोरी-निफाडकडे उतरतात. टोळीला एक मुकादम असतो, बहुधा त्यांच्यातलाच. जनीबाई अशीच दिंडोरीकडच्या एका बागेत आली होती. वय असेल पस्तीस. एका संध्याकाळी बागेच्या विहिरीत मुकादम बुडालेला सापडला. तो प्यायलेला होता. रखवालदाराने थोड्या वेळापूर्वी जनीबाईला विहिरीजवळ त्याच्याशी कडाक्याचं भांडण करताना लांबून पाहिलं होतं. नंतर ती खोपटांकडे पळत आली तेव्हा तिचं लुगडं भिजलेलं होतं आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. प्रेताच्या उजव्या मुठीत लुगड्याचा वीतभर तुकडा मिळाला. तो तिच्याच लुगड्याचा होता. आरोप सदोष मनुष्यवधाचा ठेवला, म्हणजे ठार मारायचं म्हणून नव्हे, पण मरेल हे माहीत असून ढकललं.

मुकादमाची बायको दर तारखेला यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. तिला न्याय मिळवून द्यायचा आहे असं मी स्वतःला सांगायचो. ते खोटं नव्हतं. पण त्याच दिवसांत जिल्हा सरकारी वकील नेमायचा होता आणि माझं नाव पुढे होतं, हेही खोटं नव्हतं.

पुरावा तसा बेताचा होता. ढकलताना कोणी पाहिलं नव्हतं. आमचे साक्षीदार संपले की कायद्याने न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. तुझ्याविरुद्ध अमुक पुरावा आला आहे, त्यावर तुझं काय म्हणणं आहे? आरोपीला शपथ नसते. आपली बाजू स्वतःच्या तोंडाने सांगायची त्याची ही एक संधी. बहुतेक आरोपी प्रत्येक प्रश्नाला "खोटं आहे" म्हणतात आणि अर्ध्या तासात काम उरकतं.

ती जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ होती. उंच छताला लांब दांड्यांचे पंखे होते. ते फिरताना एक संथ घूं घूं आवाज यायचा. उन्हाचे पट्टे जमिनीवर आडवे पडले होते, त्यांत धूळ तरंगत होती. सगळं कोर्ट अर्धवट पेंगत होतं. तिला सरकारी खर्चाने दिलेले वकील दुसऱ्या कोर्टात पुकारा झाला म्हणून मधूनच उठून गेले होते. माणूस वाईट नव्हता, एकाच दिवशी चार कोर्टांत उभा असायचा.

न्यायाधीशांनी वाचायला सुरुवात केली. "रखवालदार सांगतो की तुम्ही छाटणीसाठी त्या बागेत आला होता. यावर काय म्हणणं आहे?"

जनीबाई म्हणाली, "हां."

"तो सांगतो की त्या संध्याकाळी तुम्ही विहिरीजवळ होता."

"हां."

"मुकादमाशी तुमचं भांडण चाललं होतं."

"हां."

लेखनिक टाइप करत होता, 'खरे आहे', 'खरे आहे', 'खरे आहे'. तिचा आवाज एका लयीत येत होता. पंख्यांच्या घूं घूं मधून तो मिसळून यायचा, ना वर ना खाली. लुगडं भिजलेलं होतं? हां. मुठीतला तुकडा तुमच्या लुगड्याचा? हां. तुम्ही त्याला ढकललं असं फिर्यादी पक्षाचं म्हणणं आहे?

"हां."

सतरा प्रश्न झाले. सतरा वेळा हां. तेव्हा माझ्या बाबतीत एक विचित्र गोष्ट झाली, ती मी कधी कोणाला सांगितलेली नाही. तो आवाज ऐकता ऐकता मी चांदवडला पोचलो. माझे वडील तिथे प्राथमिक शिक्षक होते. सुट्टीच्या दिवशी मला घेऊन लांब फिरायला जायचे आणि वाटेत गोष्ट सांगायचे. अट एकच होती, मी मध्ये मध्ये 'हं' म्हणायचं. विसरलो की ते चालायचं थांबत आणि गोष्टही थांबे. कांद्याच्या शेतांच्या बांधावरून मी हं, हं करत चाललोय, असं क्षणभर अगदी स्पष्ट दिसलं. मग लेखनिकाने कागद बदलला, त्या आवाजाने मी परत आलो.

न्यायाधीशांनी शेवटचा प्रश्न विचारला. तो ठरलेलाच असतो. "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?"

जनीबाईने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. लुगडं सावरलं आणि पिंजऱ्यात खाली मांडी घालून बसली. तळवे गुडघ्यांवर ठेवले. तिने श्वास घेतलेला मला दिसला.

मी म्हणालो, "साहेब, बाई दमल्या."

हशा पिकला. न्यायाधीशही हसले. महिला पोलिसाने तिला दंडाला धरून उभं केलं. उभी राहिल्यावर ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं आणि लेखनिकाला सांगितलं, "आणखी काही सांगणे नाही." तिचा अंगठा घेतला. इतकंच.

दिवाळी अंकातला किस्सा इथे संपत होता.

त्या दिवशी कोर्ट उठल्यावर कुसुम भोये माझ्या मागोमाग खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"सर, ती हो म्हणत नव्हती."

मी विचारलं, मग काय म्हणत होती?

"हुंकार देत होती. आमच्याकडे कथा लावतात. कथेकरी काशाची थाळी पुढे घेतो. तिला मेणाने काडी चिकटवलेली असते, ती बोटांनी ओढली की थाळी घुमते. त्या घुमण्यावर तो कथा सांगतो. आणि एक जण फक्त हां म्हणायला बसवलेला असतो. माझे वडील बसायचे. हां म्हटलं नाही तर कथा पुढे जात नाही. मध्ये बोलायचं नाही, चूक म्हणायचं नाही. समोरच्याची संपली की मग आपण सांगायची. आणि सांगायची ती खाली बसून. उभ्याने कोणी सांगत नाही."

मग म्हणाल्या, "ती सांगायला बसली होती, सर. साहेबांनी सांगितलेली गोष्ट तिने नीट ऐकून घेतली. आता तिची पाळी होती."

बाहेर चिंचेखाली टाइपरायटर चालू होते.

"उद्या अर्ज द्या ना. दुभाषी मागा. मी बसते दुभाषी म्हणून. साहेब नाही म्हणणार नाहीत. आपण सरकारी पक्ष, आपणच मागितलं तर कोण नाही म्हणेल?"

अगदी खरं होतं. एकपानी अर्ज. तो दिला असता तर पुढचं काही घडलं नसतं, आणि दिल्याने माझं काही गेलंही नसतं, गेली असती तर ती केस. मला त्यांच्यावर नव्हे, स्वतःवर राग आला आणि तो मी समोर उभ्या असलेल्या त्यांच्यावरच काढला. मी म्हणालो, "भोये मॅडम, तुम्ही तिच्या भागातल्या, तिच्या जातीतल्या. उद्या तुमच्या तोंडून हे आलं तर कोर्ट विचारेल, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने उभ्या आहात?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या चांदवडचा आरोपी आला तेव्हा तुम्हाला कोणी हे विचारलं होतं का?"

मी फायलीत तोंड घातलं. त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी युक्तिवाद केला. चांगला केला, नावाजला गेला. म्हणालो, साहेब, आम्ही आणखी कुठला पुरावा आणायचा? आरोपीने एक नाही, दोन नाही, सतरा वेळा मान्य केलं आहे. मग मुठीत सापडलेला तो लुगड्याचा तुकडा उचलून धरला. झटापटीत पदर फाटला, मरणाऱ्याने शेवटपर्यंत तो सोडला नाही, तोच आज बोलतो आहे, असं काहीतरी.

त्या तुकड्याला एक गाठ होती. पंचनाम्यात तसं लिहिलेलं होतं, "त्यास एक गाठ". पदराच्या टोकाला गाठ का असेल, हे कोणीच विचारलं नव्हतं. मी तो तुकडा धरला तेव्हा गाठ माझ्या अंगठ्याखाली होती. ती मी मुद्दाम झाकली होती की आपोआप झाकली गेली, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. अंगठ्याला मात्र ती अजून लागते.

सात वर्षांची शिक्षा झाली. निकाल ऐकतानाही जनीबाई म्हणाली, "हां." पुढच्या दोन महिन्यांत मी जिल्हा सरकारी वकील झालो. पेढे वाटले. कुसुम भोये यांनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि टेबलावर ठेवला. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली आणि पेठ-दिंडोरीच्या कोर्टांत आरोपींच्या बाजूने उभं राहायला सुरुवात केली. मी सह्या केल्या त्या राजीनाम्याच्या कागदावर कारण लिहिलं होतं, 'घरगुती'. जनीबाईचं अपील तुरुंगातून उशिरा गेलं आणि तिथेच रेंगाळलं. सूट धरून ती साडेपाच वर्षांनी बाहेर आली.

त्यानंतरची माझी वर्षं बरी गेली. मी काही राक्षस झालो नाही. कितीतरी खऱ्या गुन्हेगारांना शिक्षा झाल्या, त्या मी मन लावून लढलो. पेठ-सुरगाण्याचा आरोपी आला की पहिल्यांदा दुभाषी मागायचो, न्यायाधीश वैतागले तरी. लोक म्हणायचे, साहेबांना आदिवासींबद्दल फार कळवळा. मी मान खाली घालायचो, त्याला ते नम्रता समजायचे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मी कुसुम भोये यांना फोन केला. नंबर दोन दिवस समोर ठेवून बसलो होतो. म्हणालो, जनीबाईला भेटायचं आहे. त्यांनी कधी येणार ते विचारलं. मग त्या म्हणाल्या, "या."

पेठच्या स्टँडवर त्या भेटल्या. केस पांढरे झाले होते. त्यांच्याच गाडीतून निघालो. डोंगर उतारावर पिवळं गवत होतं, मधूनच नागलीची, म्हणजे नाचणीची, कापून ठेवलेली ताटं. मी वाटेत काय म्हणायचं ते मनात जुळवत होतो. 'माझी चूक झाली, मला माहीत होतं आणि मी बोललो नाही.' एवढंच वाक्य. ते मी तीनदा बदललं आणि पुन्हा तेच ठेवलं.

कुसुम म्हणाल्या, "सर, एक सांगते. ती आधी तिची गोष्ट सांगेल. मध्ये बोलायचं नाही."

मी म्हटलं, माहीत आहे.

"माहीत होतंच," त्या म्हणाल्या, आणि गिअर बदलला.

पाड्यावरचं शेवटचं घर. जनीबाई अंगणात नागली पाखडत होती. माझ्यासाठी बाज टाकली. कुसुमने तिच्या बोलीत मी कोण ते सांगितलं. जनीबाईने मला नीट न्याहाळलं आणि काहीतरी म्हणाली. कुसुम मला म्हणाल्या, "ती म्हणते, हसवणारा ना?"

मी मान हलवली.

तिने सूप बाजूला ठेवलं. जमिनीवर मांडी घालून बसली, तळवे गुडघ्यांवर ठेवले, अगदी तशीच. आणि सांगायला लागली. कुसुम हळू आवाजात मला मराठीत देत होत्या. त्या बोलीचे शब्द मला लिहिता येणार नाहीत, म्हणून माझ्या शब्दांत लिहितो, आणि ही चौथी गाळणी आहे हे मला माहीत आहे.

गोष्ट फार लांबून सुरू झाली. तिच्या आईच्या लग्नापासून. मग एका गायीचा भाग आला, मग डोंगरावरच्या देवाचा. मी म्हणालो, "हां." मग ती पहिल्यांदा खाली बागेत आली त्याचा. द्राक्षाच्या मांडवाखाली उभं राहून तिने वर पाहिलं, तर आभाळ हिरवं झालेलं, आणि तिला वाटलं आपण पाण्याखाली आहोत. हां. मुकादम तिच्या भावाचा दोस्त, गाणी चांगली म्हणायचा. हां. आई आजारी असल्याचा निरोप आला, तिला घरी जायचं होतं, तो म्हणाला छाटणी संपल्यावर जा. विहिरीजवळ ती त्याला तोंडाला येईल ते बोलली. हां. विहिरीला कठडा नव्हता. तो काठावर बसून हसत होता, म्हणाला, बरं जा बाई, उद्या जा, आणि उठायला गेला. शेवाळ होतं.

"हां," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. ऊन अंगणातून सरकत होतं आणि त्यात कोंडा तरंगत होता.

तिने लुगडं सोडलं. हे सांगताना तिने क्षणभर खाली पाहिलं. पदराच्या टोकाला गाठ मारली, बुडणाऱ्याचा हात सटकू नये म्हणून, आणि ते आत सोडलं. त्याने धरलं. तिने ओढलं. तो वर आला, त्याचं तोंड दिसलं, आणि लुगडं फाटलं. मग उरलेलं भिजलेलं लुगडं कसंबसं गुंडाळून ती पळाली. नेसणं सोडलं होतं हे पुरुष पोलिसांना कसं सांगायचं, म्हणून तिने ठरवलं की सगळ्यांत मोठ्या साहेबालाच सांगू, तो विचारेल तेव्हा.

गोष्ट संपली. किती वेळ गेला ते कळलं नाही. कोंबड्या अंगणात फिरत होत्या. जनीबाई मला काहीतरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

कुसुम म्हणाल्या, "ती म्हणते, माझी झाली. आता तुझी सांग."

वाक्य तयार होतं. ते सांगायला मला बाजेवरून खाली उतरून जमिनीवर बसावं लागणार होतं. उभ्याने कोणी सांगत नाही. मी पाय खाली सोडले. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी उठलो, आणि उभाच राहिलो.

"काही नाही," मी म्हणालो. "निघू या. उजेड आहे तोवर घाट ओलांडलेला बरा."

कुसुमने ते तिला तिच्या बोलीत सांगितलं नाही. जनीबाई माझ्याकडे मान वर करून बघत होती, तळवे गुडघ्यांवर तसेच.

ती म्हणाली, "हां."

ऐकतेय, पुढे सांग, एवढाच त्याचा अर्थ. मी चपला शोधत होतो.